तैगातील शत्रू

गाईच्या कासेशी दूध असते. त्याच्या आणि गोचिडीच्या मध्ये कातडीचा एक पातळ पदर काय तो असतो. तरीही गोचीड दूध टाकून रक्तच पिते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात हा दृष्टान्त आलेला आहे. ज्याच्या दावणीला गाय आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. वसुबारसेच्या दिवशी गाय-वासराला धुऊन पुसून ओवाळणाऱ्या घरात गाईच्या कानामागची किंवा मानेखालची गोचीड चिमटीत धरून काढली नाही, असा माणूस विरळाच. ‘गोचिडीसारखा चिकटला’ असे आपण एखाद्या पाहुण्याला पाठीमागे म्हणतो आणि विसरून जातो. अशा या क्षुद्र जिवाला कसला आला आहे इतिहास, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे.

परंतु विसाव्या शतकात उत्तर आशियातील एका अरण्यात याच जिवाने एका बलाढ्य राज्याची झोप उडविली. त्याचा शोध घेताना काही तरुण संशोधकांनी प्राण गमावले, एकाचा उजवा हात कायमचा लुळा पडला. आणि ज्याने या चोराला प्रथम ओळखले, त्याच्या हातात सरकारने बेड्या घातल्या. त्या अरण्यात मिळालेले ज्ञान वीस वर्षांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेच्या उपयोगी पडले आणि आज ते आपल्या सिंधुदुर्गाच्या काजूबागांपर्यंत येऊन पोहोचले आहे. ती हकिकत येथे सांगावयाची आहे.

सैबेरियाच्या पलीकडे, रशियाच्या अगदी पूर्व टोकाला अमूर आणि उसुरी या नद्यांच्या खोऱ्यांत दाट अरण्य पसरलेले आहे. पाइन, फर, स्प्रूस, बर्च अशा वृक्षांच्या या उत्तरेकडील अरण्याला तैगा म्हणतात. हिवाळ्यात तेथे सारे गोठलेले असते. एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळू लागते, वाळक्या गवतातून हिरवे कोंब वर येतात आणि मे महिन्यात सारे रान एकदम जागे होते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नानाई, उदेगे यांसारखे शिकार व मासेमारी करणारे लोक राहत होते. बाहेरची वस्ती थोडी होती. १९३१ साली जपानने शेजारचा मांचुरिया व्यापला आणि चित्र पालटले. सीमेपलीकडे जपानी फौज उभी राहिली. तेव्हा अलीकडे सोव्हिएत सरकारने पलटणी आणल्या, लोहमार्ग टाकले, लाकूडतोडीचे तळ उभारले. ज्यांनी असे अरण्य जन्मात पाहिले नव्हते, असे हजारो तरुण त्या झाडीत शिरले.

आणि दर वसंतात त्यांच्यात एक विलक्षण आजार दिसू लागला. काल कुऱ्हाड चालविणारा धट्टाकट्टा गडी आज कपाळ धरून बसे. सणकून ताप, ओकाऱ्या, भ्रम. आणि तीन-चार दिवसांत मान व खांदे लुळे पडत. मस्तक छातीवर लोंबू लागे. शंभरातले वीस-तीस तरी दगावत. जे वाचत त्यांतल्या कित्येकांचे हात पुढे जन्मभर अंगाशी नुसते लटकत राहत. आरंभी डॉक्टरांनी याला विषारी इन्फ्लुएंझा मानले. व्लादिवोस्तोकचे पानोव यांनी १९३५ च्या सुमारास हा मेंदूचा दाह आहे, असे ओळखले. पण तो येतो कोठून? जपानात उन्हाळ्यात डासांमुळे पसरणारा मेंदूज्वर तेव्हा माहीत झाला होता. तोच हा, असे बहुतेकांचे मत पडले. सीमेवर शत्रू उभा असताना रोगही शत्रूच्या देशातूनच आला असणार, असे वाटणे त्या काळाला धरूनच होते.

१९३७ च्या मे महिन्यात मॉस्कोहून एक संशोधन-मोहीम निघाली. तिचे प्रमुख होते लेव झिल्बर. १८९४ साली जन्मलेले, प्स्कोव्ह या जुन्या गावात वाढलेले. त्यांचा धाकटा भाऊ वेन्यामिन पुढे ‘कावेरिन’ या नावाने कादंबरीकार म्हणून गाजला. ‘दोन कप्तान’ ही त्याचीच कादंबरी. झिल्बर यांनी बरोबर मुद्दाम तरुण मंडळी घेतली. जुन्या मतांचे ओझे ज्यांच्या डोक्यावर नाही, अशी माणसे त्यांना हवी होती. येलिझावेता लेवकोविच, मिखाईल चुमाकोव, अन्तोनिना शुब्लाद्झे, वालेन्तिन सोलोव्योव ही त्यांतली काही नावे. एक तुकडी दक्षिणेस व्लादिवोस्तोकच्या बाजूला राहिली, दुसरी उत्तरेस हबारोव्स्कजवळच्या ओबोर या लाकूडतोडीच्या भागात गेली.

झिल्बर यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी रोग्यांच्या याद्या वाचावयास घेतल्या. खरा शोध तेथेच लागला, असे म्हटले तरी चालेल. एका घरात एक माणूस आजारी पडे, पण त्याची सेवा करणारी बायको, त्याच अंथरुणाशी खेळणारी मुले ठणठणीत राहत. तेव्हा हा माणसाकडून माणसाला होणारा रोग नव्हे. आजारी पडणारे बहुतेक सगळे रानात काम करणारे. आणि आजाराचा आरंभ वसंतातला. तेव्हा डासांचा सुळसुळाट अजून व्हावयाचा असतो. मग वसंतात, डासांच्याही आधी, रानात माणसाला चावते कोण?

अशा वेळी त्यांना एका गृहिणीची हकिकत कळली. ती रानात कामाला जात नव्हती, घरच सांभाळी. असे असून ती आजारी पडली. सारा तर्क कोसळावा, असेच हे उदाहरण होते. झिल्बर स्वतः तिच्याकडे गेले आणि गेल्या काही दिवसांत ती कोठे कोठे गेली होती, हे तिला पुनःपुन्हा विचारले. तेव्हा तिला आठवले : आजारापूर्वी सुमारे दोन आठवडे ती पाइनच्या फळांतल्या बिया वेचावयास रानात गेली होती आणि घरी परतल्यावर तिला अंगावर चिकटलेल्या गोचिडी सापडल्या होत्या.

गोचिडी! झिल्बर यांनी त्या भागातील पशुवैद्यांनी केलेल्या नोंदी मिळविल्या. वसंतात गाईंच्या अंगावर कोणत्या आठवड्यात किती गोचिडी सापडतात, याचा आलेख त्यांत होता. रोग्यांच्या संख्येचा आलेख त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही रेषा सारख्याच चढत होत्या आणि सारख्याच उतरत होत्या. फक्त माणसांची रेषा गाईंच्या रेषेमागून सुमारे दोन आठवड्यांनी चालत होती. चावा आणि ताप यांच्यामधले ते दोन आठवडे. पशुवैद्यांनी गाईंसाठी केलेली ती साधी नोंद माणसांच्या रोगाचे कोडे सोडवून गेली.

पुढले काम प्रयोगशाळेचे. रोग्यांपासून उंदरांत विषाणू मिळाला, गोचिडींतूनही तोच मिळाला. ऑगस्ट उजाडेपर्यंत, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, रोग, त्याचे कारण आणि त्याचा वाहक हे तिन्ही हाती आले. कामगारांनी अंग झाकणारे कपडे घालावेत, बाह्या व विजारी आवळून बांधाव्यात आणि ठराविक वेळाने एकमेकांचे अंग तपासावे, हा साधा उपायही तेव्हाच सांगण्यात आला.

या ज्ञानाची किंमत मात्र साधी नव्हती. चुमाकोव यांना शवविच्छेदन करताना जखम झाली आणि रोगाने गाठले. ते वाचले, पण उजवा हात लुळा झाला आणि श्रवणशक्ती गेली. सोलोव्योवही आजारी पडले. दुसऱ्या वर्षी, १९३८ मध्ये, या रोगावरील पहिली लस तयार करण्याच्या कामात नादेझ्दा कागान आणि त्यांची साहाय्यक उत्किना या दोघी प्रयोगशाळेतच संसर्ग होऊन वारल्या. १९३९ मध्ये गोचिडींचे जाणकार बोरिस पोमेरांत्सेव तैगातच या रोगाला बळी पडले. युद्धात पडलेल्यांची स्मारके चौकाचौकांत असतात. ही माणसेही एका युद्धातच पडली होती.

आणि झिल्बर? मोहिमेहून परतल्यावर, १९३७ च्या अखेरीस, त्यांना अटक झाली. आरोप ऐकावा तर हसू यावे, पण त्या वर्षी रशियात कोणी हसत नव्हते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातून शहरात मेंदूज्वर पसरविण्याचा त्यांचा कट होता म्हणे! त्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला होता, असेही नाही. १९३० साली अझरबैजानात हाद्रुत येथे त्यांनी प्लेगची साथ आटोक्यात आणली होती आणि त्यानंतर प्लेग पसरविल्याचाच आळ त्यांच्यावर आला होता. आग विझवावयास गेलेल्यालाच आग लावणारा ठरवावे, तसा हा न्याय. तुरुंगात मारझोड झाली, तरी त्यांनी गुन्हा कबूल केला नाही. १९३९ मध्ये सुटका झाली, १९४० मध्ये पुन्हा अटक. उत्तरेकडे पेचोरा नदीकाठच्या छावणीत कैदी पेलाग्राने, म्हणजे आहारातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, मरत होते. तेथे झिल्बर यांनी रेनडिअर खातात त्या शेवाळासारख्या वनस्पतीवर यीस्ट वाढवून त्यापासून औषध तयार केले आणि अनेकांचे प्राण वाचविले. बाहेर त्यांच्यासाठी भाऊ कावेरिन आणि एके काळच्या पत्नी झिनाइदा येर्मोल्येवा खटपट करीत होत्या. येर्मोल्येवा म्हणजे रशियात पेनिसिलीन तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ; कावेरिनच्या ‘उघडे पुस्तक’ या कादंबरीची नायिका त्यांच्यावरूनच घेतलेली आहे. अखेर १९४४ साली झिल्बर सुटले.

मधल्या काळात, १९४१ मध्ये, या मेंदूज्वराच्या शोधाबद्दल स्टालिन पारितोषिक दिले गेले. चुमाकोव, लेवकोविच, सोलोव्योव, शुब्लाद्झे ही नावे त्यात होती. मोहिमेच्या प्रमुखाचे नव्हते. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या मेंदूज्वरावरील ग्रंथाला तेच पारितोषिक मिळाले. ज्या राज्याने बेड्या घातल्या, त्याच राज्याने गळ्यात पदक घातले. कर्करोग आणि विषाणू यांचा संबंध शोधता शोधता १९६६ साली झिल्बर वारले. लुळ्या हाताचे चुमाकोव तर साऱ्या जगाच्या घराघरांत पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही. साबिन यांच्या तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीचा लाखो मुलांवर प्रथम उपयोग १९५९-६० मध्ये सोव्हिएत देशात झाला, तो मुख्यतः त्यांच्याच प्रयत्नांनी. आपल्या मुलांच्या जिभेवर पडलेल्या त्या थेंबांमागे तैगातून परत आलेल्या या माणसाचा वाटा आहे.

* * *

तैगातली गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, धावतही नाही. ती विंचू-कोळ्यांच्या कुळातली, आठ पायांची. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या डहाळीवर माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर चढते आणि पुढचे दोन पाय पसरून वाट पाहत बसते. त्या पायांवर असलेल्या इंद्रियाने तिला येणाऱ्या प्राण्याचा वास आणि ऊब कळते. तिच्या लाळेत बधिर करणारे द्रव्य असते, म्हणून चावा समजतही नाही. अंड्यातून निघाल्यापासून मरेपर्यंत तीन अवस्थांत मिळून ती फक्त तीन वेळा जेवते : प्रथम उंदीर-चिचुंद्रीसारख्या प्राण्यांवर, मग खार-सशांवर आणि मोठी झाल्यावर सांबराएवढ्या मोठ्या जनावरांवर अथवा गुरांवर. या तीन जेवणांना तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. विषाणू तिच्या अंगात हिवाळाभर टिकतो आणि कधी कधी अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो.

१९३८ आणि १९३९ च्या मोहिमांचे नेतृत्व येवगेनी पावलोव्स्की यांच्याकडे आले. त्यांनी यातून एक मोठा विचार मांडला : असे रोग हे निसर्गातच वस्ती करून असतात. विषाणू, गोचीड आणि रानातले प्राणी यांचा संसार माणूस नव्हता तेव्हापासून चाललेला आहे. माणूस त्यात शिरतो, तेव्हाच त्याला रोग होतो. म्हणजे तैगात परका कोण होता? गोचीड नव्हे, कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस!

युरोपच्या पश्चिमेकडील अरण्यांतही याच्याच जातीचा, काहीसा सौम्य ज्वर आढळला. त्यात दुधाचा संबंध उघडकीस आला. १९५१ साली स्लोव्हाकियातील रोझ्नावा येथे रोगट शेळ्यांचे कच्चे दूध गाईच्या दुधात मिसळले गेले आणि सहाशेहून अधिक माणसे आजारी पडली. गोचिडीने दूध टाकून रक्त घेतले खरे, पण आपले विष मात्र ती दुधात पोचवून गेली. दूध उतू जाऊ न देता नीट उकळणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना या बातमीने नवे काही शिकविले नसते.

आता तैगातून एकदम सह्याद्रीकडे वळावयाचे, ते उगाच नव्हे. १९५७ च्या वसंतात त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर-सोराब भागातील क्यासनूर अरण्यात, वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ गावकऱ्यांनाही ताप, रक्तस्राव, भयंकर अंगदुखी होऊ लागली. माकडे मरतात, माणसे तापतात, हे आफ्रिका-अमेरिकेतल्या पीतज्वराचे लक्षण. आणि पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता. तो शिरला असता तर हाहाकार झाला असता. पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. तेथील टेल्फोर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो, टी. रामचंद्र राव ही मंडळी त्या रानात गेली. मेलेल्या माकडांच्या अंगातून विषाणू निघाला. तो पीतज्वराचा नव्हता. जगातल्या माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहता त्याचे गोत्र जुळले ते तैगातल्या विषाणूशी! मग डासांवरची नजर गोचिडींकडे वळावयास वेळ लागला नाही. झिल्बर यांनी उघडलेला दरवाजा होता, म्हणून पुण्याच्या संशोधकांना चाचपडावे लागले नाही. येथेही किंमत द्यावी लागलीच. प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांना या तापाची लागण झाली.

गोत्र जुळले म्हणून स्वभाव जुळतोच असे नाही. तैगातल्या रोगावरची लस १९५८-५९ मध्ये शिमोग्याच्या लोकांना टोचून पाहिली. तिचा गुण आला नाही. पुढे येथलीच लस झाली, पण तिचाही प्रभाव पुरेसा न दिसल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला.

सैबेरियाचा विषाणू दक्षिण हिंदुस्थानात आला कसा? हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत बसून गोचिडी आल्या असतील काय, असा प्रश्न निघाला. त्यासाठी डॉ. सालीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने हजारो स्थलांतरी पक्षी पकडून, त्यांच्या पायांत कडी घालून अभ्यास केला. या अभ्यासाला पुढे अमेरिकन लष्कराचे द्रव्यसाहाय्य मिळाले, आणि १९७४-७५ मध्ये आपल्या संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कडक प्रश्न विचारले. जंतुयुद्धाची शंका तेथेही डोकावली. मात्र दोन्ही प्रसंगांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. मॉस्कोत संशयाने माणूस तुरुंगात घातला. दिल्लीत संशयाने प्रश्न विचारले आणि उत्तरे छापून लोकांपुढे ठेवली. संशय घेणे हे पाप नव्हे. उत्तर ऐकण्यापूर्वीच शिक्षा देणे, हे पाप. पक्ष्यांवरचा आळही पुढे टिकला नाही. क्यासनूरचा विषाणू आपल्याच रानातला जुना रहिवासी असावा, असेच आज दिसते.

हा माकडताप मग हळूहळू उत्तरेकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो दिसला. हंगाम तोच, जेव्हा काजूबागांत बोंडे वेचली जातात. सरपणाला जाणारी बाई, गुरे चारणारा पोर, बागेत वाकून काजू वेचणारा मजूर, यांनाच तो गाठतो. तिकडे उत्तरेतही गोष्ट थांबलेली नाही. हिवाळे सौम्य होत चालले, तशी गोचीड अर्खांगेल्स्कसारख्या पूर्वी तिला न मानवणाऱ्या थंड प्रदेशांत वर सरकत आहे. सांध्यांना धरणारा लाइम रोगही तीच पसरविते, हे १९८२ साली त्या रोगाचा जंतू सापडल्यानंतर स्पष्ट झाले.

रान कापून वाट काढावी, गुरे आत न्यावीत, बागा लावाव्यात, हे माणसाच्या पोटाशी बांधलेले आहे. ते कोणाला सांगून थांबणार नाही. पण आत जाताना अंग झाकावे, अंगाला औषधी तेल लावावे, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून मान, काखा, कानामागे पाहावे, मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे, एवढे तर करता येते. आणि कोणी तापाने पडलाच, तर झिल्बर यांनी त्या गृहिणीला विचारला तोच प्रश्न विचारावा : गेल्या दोन आठवड्यांत रानात गेला होतास काय? १९३७ साली एक सारे राज्य शत्रू शोधीत होते. सीमेपलीकडे, शेजाऱ्याच्या घरात, शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. शत्रू गवताच्या पात्यावर पाय पसरून बसला होता. तो ज्याला दिसला, त्याने कोणाला धमकावले नव्हते. आजारी बाईच्या उशाशी बसून त्याने फक्त विचारपूस केली होती.